औषध म्हणायचं नाही

शिवांगीला औषध आवडायचं.

चैत्रापासून माझ्या या लेकीचा खोकला हटत नव्हता. निलंग्याच्या डॉक्टरांनी गुलाबी रंगाचं पातळ औषध दिलं होतं. गोड, वासाला पिकल्या केळासारखं. झाकणात ओतलं की ही पोरगी असेल तिथून पळत यायची, चिमणीच्या पिलासारखी मान वर करून आ करायची आणि पिऊन झालं की झाकण चाटायची. शेजारच्या बायका बघत राहायच्या. त्यांच्या पोरांना दोघांनी धरावं लागे, नाक दाबावं लागे. मीही तोऱ्यात सांगायची, आमच्या शिवांगीला नुसतं 'औषध' म्हणा, झोपेतून उठून येते.

तर मृगाच्या तोंडावर एका सकाळी मामा, म्हणजे माझे सासरे शेषेराव, भाकर मोडता मोडता म्हणाले, "औंदा शेंगाच्या बियाला औषध लावायचं."

शिवांगीनं ताटलीतून मान वर केली. "मला बी."

मामा हसले. चुलीपुढून आत्याबाई, माझ्या सासूबाई चतुराबाई, हसल्या. मी हसले नाही.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं हे त्यांना कळायला हवं, असं मला वाटत होतं. पण ते औषध या घरात आणायचा हट्ट माझाच होता, त्यामुळं बोलायची सोय नव्हती.

मागल्या वर्षी आमच्या माळाच्या रानात हुमणी लागली. भादव्यात भुईमुगाच्या शेंगा भरायच्या वेळेला इथं एक वेल सुकला, तिथं चार सुकले. मामांनी एक उपटला तर तो मुळाशिवाय हातात आला, कात्रीनं कापल्यासारखा. खाली माती उकरली, तर पांढरी, वाकडी, लठ्ठ अळी. पावसाळाभर निंदलेलं, खुरपलेलं रान बघता बघता चट्ट्याचट्ट्यानं वाळत गेलं. मामा बांधावर बसून राहिले. "सोयाबीन टाकावं आता," म्हणाले, पण म्हणताना रानाकडं बघत नव्हते. त्या हलक्या मुरमाड रानात सोयाबीन गुडघ्याच्या वर येत नाही हे त्यांना माहीत होतं.

मग उन्हाळ्यात कृषी सहायक आला. समाजमंदिरात त्यानं बैठक घेतली. पुरुष पुढं, बायका दाराशी. हुमणी आल्यावर काही करता येत नाही, म्हणाला, ती जमिनीत असते, फवारा तिथं पोचत नाही. जे करायचं ते पेरायच्या आधी, बियाला. पेरायच्या दिवशी दाण्यांवर औषध चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि टाकायचं. मी दाराशी उभी राहून सगळं ऐकलं आणि घरी येऊन मामांच्या मागं लागले.

आमचं गाव भूकंपात पडलं आणि सरकारनं वर माळावर नव्यानं बसवलं. मी लग्न होऊन या नव्या गावातच आले. घराला दोन खोल्या. एकीत चूल, दुसरीत बाकी सगळं. अंथरुणं, पेटी, ज्वारीची पोती, आणि मृग जवळ आला की बियाणं. शेंगा फोडून काढलेल्या दाण्यांचं पोतं आणि शिवांगीचं अंथरूण, मध्ये भिंत नाही की आडोसा नाही. जाता येता ती पोत्यात हात घाले. एरवी त्यात वावगं काय होतं? शेंगदाणेच ते.

आणि एक शिवांगीच नव्हे. आमच्याकडं पेरणीच्या बायका बी टाकता टाकता खातात. चोरून नाही, उघड. एक दाणा काकरीत, एक तोंडात. मालक ओरडतो, त्या खिदळतात. आत्याबाई तर पेरणीला सुरुवात व्हायच्या आधी स्वतः प्रत्येकीच्या हातावर मूठभर बी ठेवतात. पेरणाऱ्या बाईच्या तोंडाला बी लागलं नाही तर रान उपाशी राहतं, असं त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलेलं.

*

औषध आणायला मामांबरोबर मी आणि शिवांगी यष्टीनं निलंग्याला गेलो. खोकल्यासाठी डॉक्टरांना एकदा दाखवायचंच होतं. बी-बियाणांचं दुकान दस्तगीरभाईंचं. मामांची आणि त्यांची ओळख जुन्या गावापासूनची.

"दस्तगीर, शेंगाच्या बियाची दवा काढ. हुमणीवरची."

डॉक्टरांचा कंपाउंडर औषधाला दवाच म्हणायचा, त्यामुळं शिवांगीला तोही शब्द ठाऊक होता. दस्तगीरभाईंनी फळीवरून बाटली काढून गल्ल्यावर ठेवली, आणि माझ्या कडेवरच्या शिवांगीनं मान वर करून आ केला.

दस्तगीरभाईंनी बाटली झटकन मागं ओढली. "तौबा, तौबा! शेषेराव, ही काय करून राहिली?"

"तिला दवा लई आवडती," मामा कौतुकानं म्हणाले.

"अरे, ही दवा तसली हाय का?" त्यांनी बाटलीवरचा पिवळा त्रिकोण माझ्यापुढं धरला. वर 'विष' असं लिहिलं होतं. "बेटी, तू शिकलेली दिसतीस. वाच."

"वाचलं. मग तुम्ही पण दवा का म्हणता, भाई?"

"समदे तेच म्हणतेत. तुम्ही औषध म्हणता. खालून कर्नाटकातलं गिऱ्हाईक येतंय, ते मद्दू म्हणतंय. देगलूरकडलं एक येतंय, ते मंदू म्हणतंय. समद्याचा मतलब एकच, दवा." त्यांनी चष्मा काढून कपाळावर चढवला आणि आवाज खाली आणला. "अन् एक सांगू? जहर दे म्हणून जर कुणी मागायला आलं ना, तर मी देत न्हाई. बसवतो, पाणी पाजतो, घरच्याला बोलावून घेतो. दवा म्हणणाऱ्यालाच द्यायचं. असा हाय आमचा धंदा."

बाटली मी जाड कागदात गुंडाळून घेतली आणि पिशवीत शिवांगीचा हात पोचणार नाही अशी धरली. यष्टीत ती माझ्या मांडीवर झोपली. मी मात्र त्या पिशवीकडं बघत बसले. ज्या माणसाला शब्दाची भीती वाटते तो बाटली जपून देतो. माझ्या लेकीला शब्दाची भीती वाटत नव्हती, हीच अडचण होती.

नांदेडला मी मराठी घेऊन बी.ए. केलं. एका शब्दाला दहा शब्द लिहून मार्क मिळवले. आणि इथं पोरीला सांगायला एक शब्द मिळत नव्हता.

मिळत नव्हता असं नाही. घरी आल्यावर मी शिवांगीला समोर उभं केलं, बाटली दाखवली आणि म्हटलं, "हे औषध नाही. हे विष—"

पुढचं तोंडातच राहिलं. आत्याबाई चुलीपासून उठून आल्या होत्या आणि त्यांचा पिठाचा हात माझ्या तोंडावर होता.

त्यांची धाकटी लेक भूकंपात त्या पहाटे गेली. तेव्हापासून या घरात काही शब्द चालत नाहीत. कुणी मेलं म्हणायचं नाही, मढं म्हणायचं नाही, गुरांना शिवी घालताना सुद्धा नाही. कुणाच्या तोंडून निघालंच तर आत्याबाई तोंडावर हात ठेवतात. स्वतःच्या नाही, बोलणाऱ्याच्या.

"बियाचं पोतं मांडलंय घरात," त्या हळू म्हणाल्या, "अन् तू कसलं नाव घेतीस?"

मी त्यांचा हात बाजूला केला. "आत्याबाई, तिला औषध म्हटलं की ती तोंड उघडते. निलंग्यात उघडलं तिनं. विचारा मामांना."

"मग काहीच म्हणू नको. बाटली वर ठिव."

"बाटली वर ठेवते. पोतंभर बी कुठं ठेवू?"

मामा उंबऱ्यात पाय धूत होते. तिथूनच म्हणाले, "इतकं वंगाळ हाय तर लावायचंच कशाला? देऊन येतो वापस."

मला हीच भीती होती. घाबरवलं तर मामा परत करणार, परत केलं तर हुमणी रान खाणार. घाबरवलं नाही तर पोरगी. दोन्ही बाजूंनी दोष माझाच.

"वापस न्यायचं नाही, मामा," मी म्हणाले. "लावायचं. आणि कुणाच्या पोटात एक दाणा जाणार नाही असं लावायचं."

"ते कसं?"

"बघते."

"बघती मने," आत्याबाई चुलीकडं वळत पुटपुटल्या. "कालिजात शिकलेली हाय, बघंल."

*

दयानंद, माझे मिस्टर, लातूरला एका खाजगी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतात. जून म्हणजे त्यांच्या नव्या बॅचेस. उजाडायच्या आधी एक, दुपारी दोन, संध्याकाळी पुन्हा. सगळ्या मराठवाड्यातली पोरं लातुरात येऊन खोल्या करून राहिलेली. दयानंद रविवारी घरी यायचे, तेही जमलं तर. मी गावातल्या एसटीडीवरून फोन लावला.

"शिवांगी बरी आहे ना?"

"बरी आहे. बरी राहावी म्हणूनच फोन केलाय." मी सगळं सांगितलं.

"हां, ऑर्गॅनोफॉस्फरस ते. कसं असतं वैजू, शरीरात एक एन्झाइम असतं, त्याला ते—"

"अहो, मला सीईटी द्यायची नाही. पोरीला काय म्हणून सांगू ते सांगा."

पलीकडं कुणीतरी 'सर, बॅच बसली' म्हणालं. दयानंद म्हणाले, "तिला आठ दिवस नांदेडला तुझ्या आईकडं ठेव."

"आणि शेजारच्या पोरांना? त्यांना पण माझ्याच आईकडं धाडू? आणि पेरणीच्या बायकांना?"

"मग लावूच नका यंदा. रविवारी येतो, बोलू आपण."

"रविवारसाठी रान थांबत नाही. पाऊस झाला की ओल आहे तोवर टाकावं लागतं."

"मग काय करणार तू?"

"ते ठरलं की सांगते," म्हणून मी फोन ठेवला. ठरलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मामांची धोतरं धूत होते. आमच्याकडं नीळ दिल्याशिवाय धोतर वाळत घालत नाहीत. बादलीत नीळ कालवून धोतर बुचकळत होते, तेवढ्यात शिवांगी भुकेली झाली. आत्याबाई शेजारी गेलेल्या. मी तसेच हात झटकून शिळी भाकर मोडून तिच्यापुढं धरली. तिनं भाकरीकडं बघितलं, माझ्या अंगठ्याचा निळा ठसा त्यावर उमटला होता, आणि हात मागं घेतला.

"नको. निळं हाय."

"अगं, थोडंसंच आहे. खा."

"निळं न्हाई खात." आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. जी पोरगी खडू खाते, चुन्याची भिंत चाटते, ती.

मी भाकरीचा तुकडा हातात धरून तिथंच बसले. आपल्या ताटात निळं काय असतं? पिवळं असतं, लाल असतं, हिरवं, काळंसुद्धा असतं. निळं काही नसतं. दाण्यांना ते औषध लावलं तरी दाणा दिसायला तसाच गुलाबी राहतो, खरी गोम तिथंच होती. माणसाला सांगायची गरज नाही, बियालाच सांगता आलं तर?

मामांना सांगितलं, औषधाबरोबर बियाला नीळ लावू. त्यांनी पोत्यातले दाणे मुठीत घोळवले. मग म्हणाले, "बी उगवंल का पर?"

"चिमूटभर दाण्यांना लावून बघू."

ओल्या फडक्यात बांधून ठेवलेल्या निळ्या दाण्यांना चार दिवसांत कोंब आले. मामांनी ते फडकं अर्ध्या गल्लीला दाखवलं. आत्याबाईंनी नुसतं बघितलं. "काय सोंग काढलं बियाचं," एवढंच म्हणाल्या.

मृगाचा पाऊस झाला आणि पेरणीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले. "आत्याबाई, उद्या बायकांना मूठ द्यायची ती फुटाण्याची द्या. फुटाणे, गूळ, काय पाहिजे ते देऊ. बी नको."

"वावरात शेंगा अन् मुठीत फुटाणे?"

"एवढ्या वर्षी."

त्या शेंगा फोडत होत्या. मान वर केली नाही. "तुमचं राज्य हाय," म्हणाल्या. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

*

पेरणीच्या सकाळी लिंबाखाली ताडपत्री अंथरून त्यावर दाणे पसरले. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, नाकातोंडावर फडकं. शिवांगीला शेजारणीकडं बसवून आले. मामांनी बाटलीतलं औषध सहायकानं सांगितलं होतं तसं मापून, घमेल्यात पाण्यात कालवून शिंपडलं, मी पायलीचं माप आणि हात घालून दाणे खालवर केले. लसूण आणि घासलेट एकत्र केल्यासारखा वास अंगणभर झाला. सगळे दाणे ओले, चकचकीत झाले. मग मी नीळ आणायला आत गेले, मामा बैलांना पाणी दाखवायला गेले. परत येऊन मी ओल्या दाण्यांवर नीळ भुरभुरली. हां हां म्हणता सगळी रास निळी. तसली रास मी जन्मात बघितली नव्हती. देवाला तरी दाखवावी का, असा प्रश्न पडावा अशी.

रानात बायका आल्या. पुढं पंचशीला, तिच्यामागं नीलाबाई आणि आणखी दोघी. मी बी घ्यायला पदराची ओटी बांधू दिली नाही, प्रत्येकीला टोपली दिली, हाताला पिशवी दिली.

"वैनी, हे काय? शेंगा पेरायच्या का ऑपरेशन करायचं?" नीलाबाई म्हणाली.

पंचशीलानं टोपलीत बघितलं आणि भुवया उडवल्या. "हे तर आमचा रंग लावून ठिवलाय. कामून वो वैनी? दुसरा रंग न्हवता का?"

मी घाईनं म्हणाले, "घरात नीळच होती, पंचशीला. खाऊ नये म्हणून लावली. यात जहाल औषध आहे. मला तसं काही..."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, मग हसली. "असू द्या. आमच्या रंगाला कुणी तरी भ्यावं की." आणि टोपली कमरेवर घेऊन काकरीला लागली.

मामा नांगर धरून पुढं, बायका मागून दाणे टाकत. मी बांधावर उभी. थोड्या वेळानं नीलाबाईचा हात सवयीनं तोंडाकडं गेला. ओठापाशी पिशवी आली, निळी बोटं दिसली, आणि हात तसाच थांबला.

"अगं माय!"

"खा की," पंचशीला मागून ओरडली. "खा. मंग तुझा नवरा दुसरी करंल, पांढऱ्या दातांची!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. जमलं, मी मनात म्हटलं.

दुपारी आत्याबाई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन आल्या, बोटाला शिवांगी. बायका तासाच्या, नांगराच्या ओळीच्या, शेवटी पोचल्या होत्या. मी साबण आणि घागर घेऊन बांधावर बसले. हात धुतल्याशिवाय कुणाला भाकर नाही, हे सकाळीच सांगून ठेवलं होतं. पंचशीलाच्या हातावर पाणी घालत होते. पाणी घालता घालता सुद्धा माझे डोळे शिवांगीला शोधतात, ती सवयच आहे.

ती बाभळीखाली आजीपुढं उभी होती. मान वर, तोंड उघडं.

आत्याबाई पदराच्या टोकाची गाठ सोडत होत्या. तळव्यावर दाणे आले. गुलाबी, स्वच्छ दाणे. "घे बाय," त्यांचा आवाज मला ऐकू आला. "निळं न्हाई, बघ. साधं हाय."

घागर कुठं पडली मला माहीत नाही. मी आत्याबाईंचं मनगट धरलं तेव्हा शिवांगीची मूठ मिटलेली होती.

"कुठले हे दाणे?"

"घरचेच. अशी काय करतीस? हात सोड." त्या दुखावल्या होत्या. "पहिली मूठ पोरीला द्यावी, मग बायकांना. साधं बी हाय, औषधाचं न्हाई. तुझी नीळ लागायच्या आधी काढलं."

"कधी काढलं?"

"तू नीळ आणाया आत गेलीस तवा. कडंचं घेतलं. वलं होतं, पदरानं पुसलं."

मी तो हात नाकाशी नेला. लसूण आणि घासलेट.

"आत्याबाई, विष आहे ते. औषध आधी लावलं होतं. नीळ नुसती ओळखायला."

त्यांचा हात माझ्या तोंडाकडं आला नाही. त्या हातावर दाणे होते.

मी शिवांगीच्या तोंडात बोट घातलं. गालात, जिभेखाली, टाळूला. काही नव्हतं. मूठ उघडली. एक दाणा. तो मी काढून घेतला तशी ती रडायला लागली. "रडू दे, रडू दे," पंचशीला म्हणाली, "रडताना तोंड उघडं ऱ्हातंय, नीट बघून घ्या." मी पुन्हा बघितलं.

"आणखी कुणाला दिलं?"

आत्याबाईंनी मान हलवली.

"तुम्ही खाल्लं?"

"न्हाई. देणारानं आधी खायचं नसतंय."

त्यांच्या सासूनं त्यांना हेही शिकवलं होतं, ते बरं झालं. त्या अजून तळवा तसाच पसरून उभ्या होत्या, दाणे पडतील म्हणून बोटं किंचित वळवून. ते दाणे कुठं टाकावेत हे त्यांना कळत नव्हतं. बी जमिनीवर टाकायचं कसं? पंचशीलानं आपली टोपली पुढं केली. "मामी, ह्यात सोडा. पेरूनच टाकू त्याला." दाणे निळ्या बियांत पडले.

मग तिनं घागर उचलली, बुडाशी थोडं पाणी राहिलं होतं. "हात करा पुढं."

साबण लावताना आत्याबाई एकच म्हणत राहिल्या. "पर निळं न्हवतं की गं. निळं न्हवतं."

त्यांचं काय चुकलं? गेले आठ दिवस घरात, गल्लीत, रानात मी एकच सांगत फिरले होते, निळं खायचं नाही. सगळ्यांनी ते नीट ऐकलं होतं. आत्याबाईंनी तर सगळ्यांत नीट ऐकलं. खरा शब्द त्यांना चालत नव्हता म्हणून मी त्याच्या जागी रंग ठेवला, आणि त्यांनी रंगालाच तो शब्द समजून दुसरं सगळं साधं मानलं.

मी शिवांगीचे हात धुतले, तोंड धुतलं, चूळ भरायला लावली. आत्याबाईंच्या पदराचं टोक साबणानं घासलं, वास जाईना. नीलाबाईनं भाकरीच्या पाटीवर झाकलेलं कापडाचं धडपं काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि तो पदर अंगाला लागणार नाही असा बाजूला धरून ठेवला. नांगर उभा करून मामा आले, काय झालं ते ऐकलं आणि काही न बोलता ज्या बाभळीखाली हे घडलं तिथली माती हातानं चाचपू लागले, एखादा दाणा पडला असेल म्हणून. मग सगळ्याच वाकल्या. काही सापडलं नाही.

शिवांगीचं रडं ओसरलं होतं. ती आजीच्या रिकाम्या हाताकडं बघत होती. "आजी, मला औषध न्हाई दिलं."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं.

"सांग तिला," म्हणाल्या. "औषध म्हणायचं न्हाई आता. खरं नाव घिऊन सांग. मी न्हाई अडवत."

मी ढेकळांत खाली बसले, शिवांगीला पुढ्यात घेतलं. निळ्या टोपलीकडं बोट केलं. "ते विष आहे." मग दाणे पुसलेल्या पदराकडं. "त्याला लागलंय ते पण विष. ते निळं असतं, गुलाबी असतं, कसलं पण असतं. खाल्लं तर खूप दुखतं, आणि मग आई काही करू शकत नाही."

"विष गोड असतं?"

"गोड असलं तरी विषच."

तिनं तो शब्द तोंडात घोळवून बघितला. नवा शब्द मिळाला की ती असंच करते. मग माझ्या मांडीवरून उठली आणि पंचशीलाच्या टोपलीपाशी जाऊन बोट रोखलं. "विष!"

"हाव, बाई."

नीलाबाईच्या टोपलीपाशी. "विष!"

"हाव, हाव."

त्या प्रत्येक वेळी आत्याबाईंच्या खांद्यावरचं धडपं हलत होतं. पण त्यांनी तिला एकदाही गप्प केलं नाही. माझ्या जवळ येऊन बसल्या आणि हळूच विचारलं, "दाणे मापायचं पायलीचं माप धुतलंस का गं? अन् ते घमेलं? त्याला तर निळं लागलं न्हाई."

"चुलीपाशी नाही ना?"

"बाहीर हाय. पर पोरीचं काय सांगावं. आधी तेच बघू, चल."

मामा म्हणाले, तुम्ही दोघी जा, मी आहे इथं. शिवांगीला मी कडेवर घेतलं. पुढच्या वर्षी नीळ आधी पाण्यात कालवायची आणि औषध त्या निळ्या पाण्यातच ओतायचं, म्हणजे मधली वेळच राहणार नाही, हे मी चालता चालता आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अन् मी उभी ऱ्हाते तितं. कुणाला हात लावू देत न्हाई." मागं मामांनी बैलांना हाक दिली, पंचशीलानं टोपली कमरेवर घेतली आणि उरलेली तासं सुरू झाली.